बंदुकीचा भाव आणि भाताचे मोल

१९८२च्या संपानंतर लालबाग-परळ सोडून कोकणात परतलेल्या गिरणी कामगाराला ‘डुकरांसाठी स्वस्त रायफल कोणती?’ हे सांगणारे सल्लागार आता भेटतात. १९५९चा शस्त्र कायदा मात्र पीकरक्षणासाठी नाव घेतो ते ठासणीच्या बंदुकीचे! वाड्या-वस्त्यांलगतच्या खाचरांत लांब पल्ल्याची गोळी शेजाऱ्याच्याच जिवावर बेतेल, ही गोष्ट निराळी. शिवाय बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीची मुभा नव्हे. १९७२च्या वन्यजीव कायद्याखाली वनखात्याची वेगळी परवानगी लागते. ऐन कापणीत निवडणुका आल्या, की बंदुका ठाण्यात जमा करण्याचे हुकूम निघतात. म्हणजे डुक्कर सरकारने राखायचे आणि पोसायचे मात्र गुंठ्यांच्या धन्याने! कुंपणाचा खर्च सरकारनेच उचलला पाहिजे आणि भरपाईचा पंचनामा कापणीआधी झाला पाहिजे.