आधीचेच बरे होते!

भरल्या दिवाळीत भुताखेतांचे नाव काढू नये, असे आमची आजी सांगत असे. पण नरकचतुर्दशीच्या पहाटे पायाखाली कारिट फोडून नरकासुराचा निकाल लावणाऱ्या मंडळींना भुताचे भय ते काय? शिवाय आज आमची तक्रार भुतांविरुद्ध नाहीच. भुते बिचारी आपापल्या पिंपळावर सुखी आहेत. तक्रार आहे ती भुतांच्या चित्रपटांतील संगीताची चिरफाड करणाऱ्या रसिकांविरुद्ध. भुते निदान अमावास्येची वाट पाहतात. हे रसिक बाराही महिने जागे असतात.

गेल्या भाऊबीजेला आमचा भाचा दोन मित्रांना घेऊन घरी आला. तिघांनाही चित्रपटांचे पार्श्वसंगीत जमवण्याचा नाद. फराळाचे ताट पुढे येताच वाद पेटला तो 'द वुल्फमन' या २०१० सालच्या भयपटाच्या संगीतावरून. हा चित्रपट म्हणजे १९४१ सालच्या 'द वुल्फ मॅन'ची नवी आवृत्ती. पौर्णिमेच्या रात्री माणसाचा लांडगा होतो, अशी ती कथा. संगीत डॅनी एल्फमन यांचे, आणि तेही भरगच्च वाद्यवृंदाचे. एक मित्र म्हणाला, ही उघड उघड चोरी आहे. दुसरा म्हणाला, जुन्या चित्रपटाचा पवित्र वारसा बुडवला. आमचे भाचेराव म्हणाले, "मामा, तुम्हांला सांगतो, एकविसाव्या शतकात हे व्हायोलिनचे रडगाणे कशाला?" तिघांची तोंडे तीन दिशांना. एकमत झाले ते एकाच वाक्यावर : आधीचेच बरे होते!

चकल्या संपल्या, वाद संपला नाही. मागाहून आम्ही थोडी चौकशी केली, तेव्हा कळले की हा वाद काही आमच्या माजघरात जन्मलेला नव्हे. अमेरिकेत आणि युरोपात चित्रपटसंगीताच्या चाहत्यांनी या चित्रपटावर नेमके हेच आक्षेप घेतले आहेत. म्हणून आमचे उत्तरही तिघांपुरते नाही. ते त्या सबंध पंथाला आहे.

प्रथम हकीकत ऐका. या चित्रपटाचे नशीबच खडतर. चित्रीकरण सुरू होण्याच्या तोंडावर मूळ दिग्दर्शक सोडून गेले आणि जो जॉन्स्टन यांच्या गळ्यात ती माळ पडली. प्रदर्शनाची तारीख पुन्हा पुन्हा पुढे गेली. एल्फमन यांनी संगीत रचले, ते वाजवून घेतले. पण तोवर चित्रपटाची काटछाट नव्याने होऊ लागली आणि कर्त्यासवरत्यांना वाटू लागले की हे संगीत जुन्या वळणाचे आहे, काहीतरी नव्या काळाचे हवे. मग यंत्रांतून निघणाऱ्या ध्वनींत मुरलेल्या पॉल हासलिंगर यांना पाचारण झाले. थोड्याच काळात लक्षात आले की विद्युत्ध्वनी आणि एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडचे धुके यांचे काही जमत नाही. प्रदर्शन तोंडावर आलेले असताना गाडी पुन्हा एल्फमन यांच्या संगीताकडे वळली. पण मधल्या काळात चित्रपटाचे माप बदलले होते. अंगरखा एका मापाचा, अंग दुसऱ्या मापाचे! तेव्हा कॉनरॅड पोप प्रभृतींनी जागोजागी नवे तुकडे लिहून शिवण जुळवली. असे ते संगीत फेब्रुवारी २०१० मध्ये लोकांच्या कानी पडले.

आता पहिला आक्षेप : चोरीचा. पोलंडचे संगीतकार वोयचेख किलार यांनी १९९२ साली कपोलांच्या 'ड्रॅक्युला'ला जे संगीत दिले, त्याची छाया एल्फमन यांच्यावर पडली आहे, असे चाहते म्हणतात. पडली आहेच! खालच्या पट्टीत तंतुवाद्यांनी एकच घोटणी चालू ठेवावी, तिच्यावर विषण्ण सुरावट हळूहळू चढत जावी, ही रीत दोन्हीकडे आहे. ज्याला कान आहेत तो हे नाकारणार नाही. पण छाया पडणे आणि खिसा कापणे यांत काही फरक आहे की नाही? मृत्यूचे म्हणून मध्ययुगीन चर्चमध्ये गायले जाणारे 'डिएस इरे' हे लॅटिन स्तोत्र घ्या. १८३० साली बर्लिओझ यांनी त्याची सुरावट आपल्या सिंफनीत घेतली, पुढे लिस्ट यांनी घेतली, आणि १९८० सालच्या 'द शायनिंग' या भयपटाच्या आरंभीही तीच ऐकू येते. या साऱ्यांना चोर म्हणायचे तर तुरुंगात जागा पुरणार नाही. आपल्याकडे एकच बंदिश दहा गवई गातात. दहावा गवई चोर ठरत नाही. त्याने तिच्यातून काय काढले, एवढेच आपण विचारतो. जो न्याय मैफलीत, तो चित्रपटगृहात का नको?

दुसरा आक्षेप वारशाचा. १९४१ चे ते मूळ संगीत म्हणजे जणू गंगोत्रीचे पाणी, त्याला हात लावू नये. वाचकहो, या गंगोत्रीची कुळकथा पाहा. ते संगीत एकाचे नव्हेच. चार्ल्स प्रेव्हिन, हान्स सॉल्टर आणि फ्रँक स्किनर या तिघांनी युनिव्हर्सल कंपनीच्या पगारी नोकरीत, घाईगर्दीत, हातोहात ते तयार केले. पुढे त्याच कंपनीच्या दुसऱ्या चित्रपटांत त्यातले तुकडे पुन्हा पुन्हा वापरले गेले, थोरल्याचा सदरा धाकट्याला घालावा तसे. आणि त्याआधी? त्याच कंपनीच्या १९३१ च्या 'ड्रॅक्युला'ची श्रेयनामावली पडद्यावर येते ती चायकॉव्हस्की यांच्या 'स्वान लेक'च्या सुरांवर, आणि पुढच्या वर्षीच्या 'द ममी'चा प्रारंभही त्याच सुरांवर! हंसाच्या नृत्यनाट्याचे संगीत रक्तपिपासू उमरावाला चालले, इजिप्तच्या प्रेतालाही चालले. आणि एल्फमन यांनी किलारकडे नुसते वळून पाहिले तर धर्म बुडाला! म्हातारपण आले की उसनवारीचेही सोने होते, हेच खरे.

आम्ही मूळ संगीताला नावे ठेवत नाही. ते गुणाचे आहे. आम्ही नावे ठेवतो ती त्याच्याभोवती उभारलेल्या देव्हाऱ्याला.

कोणी म्हणेल, मग जुनेच संगीत जसेच्या तसे वाजवले असते तर रसिक तृप्त झाले असते. तोही प्रयोग झालेला आहे, आणि गंमत अशी की याच एल्फमन यांच्या हातून. हिचकॉक यांच्या १९६० च्या 'सायको'ला बर्नार्ड हरमन यांनी केवळ तंतुवाद्यांचे संगीत दिले. पडद्यावर रंग नाहीत, तर वाद्यवृंदातही रंग नकोत, असा त्यांचा हिशेब. स्नानगृहातल्या खुनाच्या प्रसंगी संगीतच नको, असे हिचकॉक यांचे म्हणणे होते. हरमन यांनी तरीही ते लिहिले, आणि व्हायोलिनवर गजाचे ते घाव ऐकल्यावर हिचकॉक यांनी आपला हेका सोडला. १९९८ साली गस व्हॅन सँट यांनी हा चित्रपट जवळजवळ दृश्यागणिक पुन्हा काढला. संगीतही हरमन यांचेच ठेवले. एल्फमन आणि त्यांचे सहकारी स्टीव्ह बार्टेक यांनी ते निष्ठेने नव्याने वाजवून घेतले. मग रसिक तृप्त झाले काय? छे! आता ते म्हणाले, तेच तेच पुन्हा कशाला? जुने वाजवले तर नक्कल, नवे लिहिले तर चोरी. धरले तर चावते, सोडले तर पळते. अशा स्थितीत संगीतकाराने करावे तरी काय? हिमालयात जावे?

तिसरा आक्षेप आमच्या भाच्याचा : वाद्यवृंद जुना झाला, भयाला आता नवे आवाज हवेत. २०१३ साली 'ईव्हिल डेड'ची नवी आवृत्ती निघाली, तिचे संगीत रोके बान्योस या स्पॅनिश संगीतकाराचे. त्यांनी वाद्यवृंद आणि गायकवृंद तर घेतलाच, पण त्यांत चक्क भोंगा मिसळला. विमानहल्ल्याच्या वेळी वाजे तसला. लालबाग-परळच्या ज्या मंडळींचे बालपण गिरणीच्या भोंग्यावर गेले, त्यांना भोंग्याने पोटात गोळा कसा येतो हे सांगायला नको. तेव्हा नवा आवाज आणि जुना वाद्यवृंद यांचे हाडवैर मुळीच नाही. वैर आहे ते आळसाशी. अचानक दणका देऊन प्रेक्षकाला खुर्चीतून उडवणे हे संगीत नव्हे. ते काम लवंगी फटाकासुद्धा करतो, आणि फार स्वस्तात करतो.

आणि येथेच आमचे मुख्य म्हणणे आहे. 'वुल्फ मॅन'ची कथा भयाची आहे, त्याहून अधिक शोकाची आहे. १९४१ च्या चित्रपटात शेवटी बाप चांदीच्या मुठीच्या काठीने त्या जनावराला ठार मारतो, आणि मग त्या जनावराच्या जागी त्याला आपल्या पोटच्या मुलाचा चेहरा दिसतो. या क्षणाला दणका काय कामाचा? नव्या चित्रपटाच्या रंगभूषेला ऑस्कर मिळाले. रिक बेकर आणि डेव्ह एल्सी यांनी लांडग्याचे सुळे असे बसवले की पाहून अंगावर काटा यावा. पण सुळे दाखवणे ही रंगभूषेची करामत. त्या सुळ्यांच्या आत एक दुर्दैवी माणूस कोंडलेला आहे, हे सांगणार कोण? ते सांगते चेलोचे आणि व्हायोलिनचे आक्रंदन. गोंगाटाला भिववता येते, कीव करता येत नाही. एल्फमन यांच्या संगीताने ती कीव केली. चित्रपट पुढे पडला. सुमारे पंधरा कोटी डॉलर खर्चून तेवढीही कमाई झाली नाही. पण त्या पडझडीत जे थोडेफार उभे राहिले, त्यात हे संगीत आहे.

रसिकांचे ऋण आम्ही विसरत नाही. १९४० च्या सुमारास लिहिलेली हीच भयपटांची संगीते काळाच्या पोटात गडप व्हायची. पण जॉन मॉर्गन यांनी त्यांची स्वरलिपी पुन्हा जुळवली आणि विल्यम स्ट्रॉमबर्ग यांनी १९९० नंतरच्या दशकात मॉस्कोच्या वाद्यवृंदाकडून ती वाजवून घेतली. ती ध्वनिमुद्रणे विकत घेतली कोणी? याच वेड्या चाहत्यांनी. एल्फमन यांचे संगीत परत आले तेव्हा हायसे वाटले तेही त्यांनाच. म्हणून तर त्यांच्याशी भांडायचे. परक्याशी कोण भांडतो?

भांडण एवढ्यासाठी की 'आधीचेच बरे होते' हे वाक्य फार महागात पडते. ते रसिकाच्या तोंडून निघते आणि मालकाच्या कानात जाते. मालक म्हणतो, एवढा खर्च करून, शंभर वादक बसवून शिव्याच खायच्या, तर यंत्रावर भागवा! १९६६ साली 'टॉर्न कर्टन'साठी हरमन यांनी लिहिलेले संगीत हिचकॉक यांनी ध्वनिमुद्रण चालू असतानाच नाकारले. कंपनीला काळाच्या आवडीचे काही हवे होते. हरमन १९७५ साली वारले. १९९१ साली 'केप फियर' हा थरारपट पुन्हा निघाला, तेव्हा एल्मर बर्नस्टीन यांनी हरमन यांचे १९६२ चे मूळ संगीत नव्याने बसवले आणि त्यात त्या नाकारलेल्या संगीताचे काही भागही वापरले. टाकाऊ ठरलेले सूर पंचवीस वर्षांनी पडद्यावर आले, आणि ज्याने ते लिहिले तो ऐकायला नव्हता.

असले नुकसान आपल्यालाही नवे नाही. एके काळी मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांत गोव्याहून आलेल्या वादकांच्या रांगा बसत. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांना वाद्यमेळ रचून देणारे सेबॅस्टियन डिसोझा, अशा माणसांनी हिंदी चित्रपटाला वाद्यवृंद दिला. मग यंत्रे आली, रांगा आखडत गेल्या, व्हायोलिनच्या पेट्या कपाटांवर चढल्या. आज आपण त्या जुन्या गाण्यांवर उसासे टाकतो आणि म्हणतो, आधीचेच बरे होते! पण ते वादक समोर बसून वाजवत होते, तेव्हा त्यांची नावे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक होती?

म्हणून रसिकांना आमचे एवढेच सांगणे. टीका जरूर करा, कडाडून करा. पण अमुक प्रसंगी सूर कुठे चुकला, कुठे शांतता हवी होती, कुठे सुरावट पात्राच्या मनापर्यंत पोचली नाही, हे बोट ठेवून सांगा. कुळ विचारू नका, काम विचारा. आणि जिवंत वादकांचे संगीत जिवंतपणीच ऐका. श्राद्धाच्या दिवशी कावळ्याला घास घालण्यात फारसा पुरुषार्थ नाही.

येत्या भाऊबीजेला भाचेराव मित्रांसह पुन्हा येणार आहेत. आमच्या बहिणीला आम्ही सांगून ठेवले आहे : जो 'आधीचेच बरे होते' म्हणेल, त्याच्या ताटात गेल्या वर्षीची चकली वाढायची.