एएमसीचा धंदा आणि डेटाबेसचा हट्ट



सर्व्हर सांभाळायच्या टूल्सवर व्हिडिओ टाकला की एक प्रश्न हमखास येतो. "सर, मॉनिटरिंगचं टूल टाकतोय, मागे डेटाबेस कोणता ठेवू? मायएसक्यूएल की पोस्टग्रेस?" विचारणारे बहुतेक जण नुकतेच धंद्यात उतरलेले. कुणाकडे मोंढ्यातल्या दोन आडती, कुणाकडे एक कृषी सेवा केंद्र अन दोन दवाखाने. डोक्यात मात्र तीन सर्व्हरचं क्लस्टर!

माझं मत सरळ आहे. पहिल्या वीस-पंचवीस गिऱ्हाइकांपर्यंत, टूलला चालत असेल तर एसक्यूलाइट घ्या आणि पुढच्या कामाला लागा. "ते तर मोबाईलच्या ॲपसाठी असतं ना सर?" असं काही जण म्हणतात. हो, असतं. रिचर्ड हिप यांनी ते २००० साली काढलं, आणि आज प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये ते आहे. पब्लिक डोमेनमध्ये असल्यामुळे लायसन्सची भानगड नाही. वेगळी सर्व्हिस चालवायची नाही, पोर्ट उघडायचा नाही. सगळा डेटा एका फाइलमध्ये. ज्याच्याकडे माणूस एकच, तो म्हणजे तुम्ही स्वतः, त्याच्यासाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

आधी आपला बाजार बघा. जालना सोने का पालना, असं लोक उगाच म्हणत नाहीत. एमआयडीसीत सळईच्या मिल, बियाण्यांच्या कंपन्या (बद्रीनारायण बारवालेंनी १९६४ साली महिकोची सुरुवात इथूनच केली), मोसंबीची बाजारपेठ. या सगळ्यांच्या भोवती शेकडो छोटी ऑफिसं आहेत. प्रत्येकात एक बिलिंगचा कॉम्प्युटर, एक राउटर, कॅमेऱ्याचा डीव्हीआर, कुठे बायोमेट्रिक मशीन. तुमचं गिऱ्हाईक हे आहे. जूनच्या पहिल्या आठवड्यात, पेरणीच्या तोंडावर, बियाण्याच्या दुकानात बिलिंग बंद पडलं तर शेतकरी शेजारच्या दुकानात जातो. दुकानदार तुम्हाला त्या दिवशी डेटाबेसचं नाव विचारत नाही. "बंद पडलंय हे तुला माझ्या आधी कळलं का?" एवढंच विचारतो.

आता हिशोब करू. वीस दुकानं धरा. प्रत्येकात तीन गोष्टी मिनिटाला एकदा तपासायच्या: इंटरनेट, बिलिंगचा कॉम्प्युटर, डीव्हीआर. म्हणजे मिनिटाला ६० तपासण्या, सेकंदाला एक नोंद. दिवसाला ८६,४०० नोंदी. एसक्यूलाइटला हे काहीच नाही. अपटाइम कुमा नावाचं फुकट टूल २०२१ मध्ये आलं, ते याच कामाचं आहे आणि पहिल्या आवृत्तीत ते एसक्यूलाइटवरच चालायचं. दुसऱ्या आवृत्तीत मारियाडीबीचा पर्याय दिलाय, पण एवढ्या कामाला त्याची गरज नाही. ग्राफानासुद्धा स्वतःची युजर-डॅशबोर्डची माहिती ठेवायला मुळात एसक्यूलाइटच वापरतं.

हाच हिशोब झॅबिक्सवर करून बघा. त्यात एका मशीनमागे पन्नास गोष्टी मोजणं सहज होतं: डिस्क, रॅम, तापमान, नेटवर्कचा प्रत्येक पोर्ट. वीस मशीन गुणिले पन्नास, मिनिटाला १,००० नोंदी, दिवसाला १४ लाख ४० हजार. एका नोंदीला साधारण ९० बाइट धरले तर महिन्याला चार जीबीच्या आसपास. इथे एसक्यूलाइटचा विषयच संपतो, कारण झॅबिक्सचा मुख्य सर्व्हर त्यावर चालतच नाही. फक्त त्याची प्रॉक्सी चालते. मुख्य सर्व्हरला मायएसक्यूएल, मारियाडीबी नाहीतर पोस्टग्रेसच लागतं.

म्हणून डेटाबेस आधी निवडूच नका. काम ठरवा, कामावरून टूल, आणि टूल बनवणाऱ्यांनी ज्या डेटाबेसवर ते सगळ्यात जास्त घासून बघितलंय तोच घ्या. आपल्या मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं ईआरपीनेक्स्ट बघा. ते वाढलं मारियाडीबीवर. फ्रेमवर्कला पुढे पोस्टग्रेसचा आधार मिळाला, तरी नवीन माणसानं ईआरपीनेक्स्ट टाकताना मारियाडीबीच घ्यावी. अडचण आली तर उत्तर शोधायला सोपं जातं, कारण तीच अडचण आधी हजारोंना आलेली असते. पोस्टग्रेस चांगलं की वाईट, हा वाद तिथे गैरलागू आहे.

तसं मला स्वतःला पोस्टग्रेस आवडतं, हेही सांगतो. बर्कलेच्या विद्यापीठातून आलेलं, कुठल्या एका कंपनीच्या मालकीचं नाही. मायएसक्यूएल २०१० पासून ओरॅकलकडे आहे, आणि त्याच काळजीपोटी त्याच्या मूळ निर्मात्यानं मारियाडीबी वेगळी काढली. पण आवड वेगळी आणि गिऱ्हाइकाच्या पैशावर प्रयोग वेगळा. पोस्टग्रेसची मोठी आवृत्ती बदलायची म्हणजे डेटा नीट हलवावा लागतो, नुसतं अपडेटचं बटण दाबून होत नाही. एका आवृत्तीला साधारण पाच वर्षं सपोर्ट मिळतो. ते काम कोण करणार, कधी करणार, आणि त्याचे पैसे एएमसीत धरलेत का? बीबीएत आम्हाला फिक्स्ड कॉस्ट शिकवायचे, तेव्हा फक्त भाडं आणि लाइटबिल डोळ्यासमोर यायचं. तुमचे रविवारसुद्धा त्याच रकान्यात येतात.

आमच्या बॅचमधल्या एका पोरानं एक जीबी रॅमचा स्वस्तातला क्लाउड सर्व्हर घेऊन त्यावर झॅबिक्स, मायएसक्यूएल आणि ग्राफाना एकत्र बसवलं. रॅम संपली की लिनक्स सगळ्यात जाड प्रोसेस मारतं, आणि ती नेमकी मायएसक्यूएल असायची. आठ दुकानं ठणठणीत चालू होती, बंद पडत होतं ते फक्त त्यांच्यावर नजर ठेवणारं टूल! आता त्याच सर्व्हरवर अपटाइम कुमा चालतंय.

एसक्यूलाइट कुठे दगा देतं तेही ऐका. एका वेळी एकच जण लिहू शकतो, बाकीचे रांगेत. ती फाइल नेटवर्क शेअरवर ठेवून दोन कॉम्प्युटरवरून उघडायची नाही. तिथे लॉकिंग भरवशाचं नसतं आणि फाइल खराब होऊ शकते. आणि टूल चालू असताना फाइल नुसती कॉपी-पेस्ट केली म्हणजे बॅकअप झाला, असं समजू नका. काही नोंदी शेजारच्या 'वॉल' फाइलमध्ये असतात, त्या मागे राहतात. एकतर टूल बंद करून सगळं फोल्डर उचला, नाहीतर एसक्यूलाइटची स्वतःची बॅकअप कमांड वापरा.

बॅकअपवर मी जरा जास्तच बोलतो, असं घरचे पण म्हणतात. पण महिन्यातून एकदा जुन्या लॅपटॉपवर तो बॅकअप परत उभा करून बघा. अर्धा तास लागतो. उभा राहिला नाही तर तुमच्याकडे बॅकअप नव्हताच, फक्त फाइल होती. एसक्यूलाइटमध्ये हे काम इतकं सोपं आहे की माणूस ते खरंच करतो. मायएसक्यूएलमध्ये डंप काढा, नवीन सर्व्हिस बसवा, युजर बनवा, परवानग्या द्या. दोन महिन्यांनी कुणी करत नाही.

आणि त्या फाइलमध्ये काय असतं, याचा विचार केलाय का? सगळ्या गिऱ्हाइकांचे आयपी पत्ते, कुठला राउटर कुठे आहे, बऱ्याच टूल्समध्ये लॉगिनची माहितीसुद्धा. ती फाइल व्हॉट्सॲपवरून स्वतःलाच पाठवून "बॅकअप घेतला" म्हणणारे मी बघितलेत. पासवर्ड लावून, एन्क्रिप्ट करूनच बाहेर ठेवा. मायएसक्यूएल किंवा पोस्टग्रेस घेतलंच असेल तर ३३०६ आणि ५४३२ हे पोर्ट इंटरनेटला उघडे नाहीत ना, ते आजच तपासा. एका गिऱ्हाइकाच्या राउटरचा पासवर्ड तुमच्याकडून गेला, तर जालन्यासारख्या गावात ते संध्याकाळपर्यंत सिंधी बाजारात पोचतं.

मग बदलायचं कधी? दुसरा माणूस कामावर ठेवला आणि दोघं एकाच वेळी टूलमध्ये काम करायला लागले. "डेटाबेस लॉक्ड" असा मेसेज आठवड्यातून दोन-तीनदा दिसायला लागला. किंवा एखाद्या मिलनं महिन्याचा सविस्तर रिपोर्ट मागितला, आणि त्याचे वेगळे पैसे द्यायला ती तयार आहे. तेव्हा दोन-चार जीबी रॅमचा सर्व्हर घ्या, मारियाडीबी किंवा पोस्टग्रेस बसवा. जुन्या नोंदी हलवायच्या भानगडीत पडू नका. नवीन टूल शेजारी चालू करा, महिनाभर दोन्ही चालू द्या, मग जुनी फाइल तारीख टाकून बाजूला ठेवून द्या.

अपटाइम कुमा बसवून पहिलं दुकान जोडण्यापर्यंतचं सगळं पुढच्या व्हिडिओत दाखवतो. एक जुना कॉम्प्युटर अन एक लॅन केबल तयार ठेवा.