कोंडला तर इंधन, सुटला तर ताप

वाळवीच्या आतड्यात आणि गाईच्या कोठीपोटात वसणारे मिथेनजनक सूक्ष्मजीव हायड्रोजन व कार्बन डायऑक्साइडपासून मिथेन घडवतात. ऑस्ट्रियातील पिल्सबाख येथे अशाच सूक्ष्मजीवांकडून एक हजार मीटरहून खोल, रित्या झालेल्या वायुसाठ्यात हे काम करवून घेण्याचा प्रयोग झाला. उन्हाळ्यातील जादा सौरवीज हायड्रोजनमार्गे मिथेन होऊन हिवाळ्यासाठी साठावी, हा त्यामागील विचार. तेथे वायू राखतो तो वरचा अभेद्य खडक.

आपल्या गोबरगॅस संयंत्रातही मिथेनजनकच राबतात. खडकाची जागा मात्र आपल्या देखभालीने घ्यावी लागते. शंभर वर्षांच्या हिशेबाने मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापकारक आहे. म्हणून विस्तार कार्यकर्त्यांनी नव्या संयंत्रांच्या संख्येइतकेच जुन्यांच्या गळतीकडे लक्ष द्यावे. जोड तपासण्यास काडी नव्हे, साबणाचा फेस पुरतो.