पाहुण्याला बाटली दाखवू नका!

मंडळी, विषय आंबटगोड आहे, पण लिखाण जरा तिखट होणार आहे. घरातले काहीजण रागावतील. रागावू देत.

परवा ऐन उन्हात, दुपारी तीनच्या सुमारास एका नातलगाकडे गेलो. (कोण ते सांगत नाही, तेही हा ब्लॉग वाचतात.) पंख्याखाली टेकतोय तोच ट्रे आला. पिवळ्याधमक पेयाचे पेले, बाटलीतून थेट ओतलेले. मला साखर आहे हे त्या घरात सगळ्यांना ठाऊक. पण बाटलीतली साखर कमी कशी करणार? "अर्धाच घ्या काका," एवढीच काय ती सोय. भिडेखातर चार घोट घेतले आणि घरी येईपर्यंत डोक्यात हा लेख तयार झाला.

उन्हातून आलेल्या माणसाला आपल्याकडे आधी गूळ-पाणी देत, मग सरबत किंवा पन्हं. त्यात "तुला काय चालतं?" हे विचारणं आपोआप यायचं. गोड किती, मीठ घालू का, बर्फ नको ना? बाटली यातलं काहीच विचारत नाही.

"वेळ कुठे आहे?" हे ठरलेलं उत्तर. मी घड्याळ लावून पाहिलं. सहा पेल्यांना अकरा मिनिटं लागली, आणि माझा हात काही सराईत नाही. युक्ती एकच, पाक आधी करून ठेवायचा. अर्धा किलो साखर, पाव लिटर पाणी, साखर विरघळून एक उकळी आली की गॅस बंद. त्यात गवती चहाच्या चार पाती गाठ मारून टाकायच्या, वर झाकण. गार झाला की गाळून फ्रिजमध्ये. लिंबाचा रस मात्र पाकात घालून उकळू नका, ताजेपणा सगळा जातो. पाहुणे आले की पेल्यात एक मोठा चमचा पाक, अर्धं लिंबू, चिमूटभर मीठ आणि माठातलं पाणी. लिंबू पिळताना शेवटच्या थेंबासाठी त्याचा जीव काढू नये, साल आणि बिया चुरडल्या की कडवटपणा उतरतो. पुदिना मिक्सरमधून काढू नये, पानं तळहातावर ठेवून एक टाळी वाजवायची, वास लगेच सुटतो. कलिंगडाच्या फोडी कुस्करून घातल्या तर पाक जवळजवळ लागतच नाही. मे महिन्यात करवंदं मिळाली तर विचारूच नका, रंग असा येतो की पोरं स्वतःहून पेला पुढे करतात! वर भिजवलेला सब्जा. (तो परदेशी तुळस म्हणून 'बेझिल' महागात विकतात ना, सब्जा हे त्याच जातीचं बी आहे.) माझ्यासारख्यांना पाक वगळून मीठ आणि जिरेपूड.

आता कोणी म्हणेल, तुमच्या सरबतातही साखर आहेच की. आहे. त्या चमच्यात साधारण 13 ग्रॅम. बाजारच्या गोड पेयात दर 100 मिलीला 10 ग्रॅमच्या आसपास असते, म्हणजे 200 मिलीच्या पेल्यात वीसएक. घरचं सरबत हे औषध आहे, 'डिटॉक्स' आहे, असलं मी काही सांगत नाही. चमचा माझ्या हातात आहे, एवढंच. आणि फळाचं म्हणाल, तर सोडा घातलेल्या फळपेयात फळाचा रस 10 टक्के असला की नियमाला पुरतो, लिंबाचा असेल तर 5 टक्के! आमच्या शाळेत 35 ला पास करायचे.

लिंबू महाग होतं, हे मात्र खरं. 2022 च्या एप्रिलमध्ये दहा रुपयाला एक झालं होतं. उन्हाळ्यातली लिंबं हस्त बहाराची, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरात फुललेली. तेव्हा पावसाने घोळ घातला की बहार हुकतो आणि उन्हाळ्यात भाव चढतो. पण बाटली तरी कुठे फुकट मिळते?

इथवर लिहून मी खूश होतो. मग त्याच घरातल्या सूनबाईंना फोनवर हे सगळं ऐकवलं. ती शांतपणे म्हणाली, "काका, बाटली आली तेव्हापासून मी पाहुण्यांत बाहेर येऊन बसते." 

यावर मला उत्तर सुचेना. आमच्या घरी चाळीस वर्षं सरबत 'आतून' येत होतं. आत कोण आहे, ती कशात पंखा नसताना उभी आहे, हे मी एकदाही उठून पाहिलं नाही. बाहेर बसून पाहुणचारावर बोलायला मी मोकळा होतो. सौ. हे वाचून काय म्हणेल ते मला माहीत आहे.

तरीही मी बाटलीच्या बाजूला जाणार नाही. ज्याच्या पाहुण्याला तहान लागली आहे त्याने उठावं, आणि तेही आत जाऊन नव्हे. लिंबं, पाक, माठाचं पाणी सगळं बाहेरच्या टेबलावर आणावं आणि गप्पा मारता मारता पिळावं. अकरा मिनिटांचंच काम आहे, पुरुषाला जमतं, मला सत्तरी उलटल्यावर जमलं.

रविवारी ते सगळे आमच्याकडे येताहेत. चिरंजीवांना अर्धा तास आधी बोलावलंय, बारा लिंबं त्यांच्या वाट्याला. करवंदं मी बघतो.