पुस्तकाबाहेरचे इंग्रजी

आपल्याकडे कायमचे राहायला आलेले अनेक आई-वडील इंग्रजी शिकण्यासाठी 'लिंक'च्या वर्गाला जातात. केंद्र सरकारच्या खर्चाने १९९२ पासून चालणारे हे वर्ग कायम रहिवाशांना विनामूल्य आहेत. तिथून घरी येणारी एक तक्रार आपल्या परिचयाची असेल : "बाई पुस्तक सोडून दुकानाच्या जाहिराती काय वाचायला देतात!"

तक्रार समजण्यासारखी आहे. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर ज्यांचे इंग्रजी पोसले, त्यांना पुस्तक म्हणजेच शिक्षण वाटणार. तरीही आमचे मत बाईंच्या बाजूने आहे.

भाजीच्या किमतीपुढचे 'एलबी' म्हणजे पाउंड, हे व्याकरणातून कळत नाही. फोनवरचा यांत्रिक आवाज 'प्रेस पाउंड' म्हणतो, तेव्हा वजनाचा किंवा चलनाचा काही संबंध नसतो. हॅशची कळ दाबायची असते. औषधाच्या बाटलीवरची सूचना चुकीची वाचली तर तब्येतीशीच गाठ. शिवाय मुलगा-सून कामावर, नातवंडे शाळेत आणि घरात दोघेच! अशा वेळी ९११ वर 'पोलीस, फायर की ॲम्ब्युलन्स?' या प्रश्नाला उत्तर देऊन पत्ता सांगता आलाच पाहिजे.

मात्र झेरॉक्सचे गठ्ठे वाटणे म्हणजे शिकवणे नव्हे, हेही खरे. चालू धड्याशी जुळणारा आणि विद्यार्थ्याला झेपणारा एकच कागद पुरतो. पुस्तकाने पाया घालावा, कागदाने सराव द्यावा.

यात घरच्यांचाही वाटा आहे. टपालात आलेला फ्लायर, बसचे वेळापत्रक, लायब्ररीची सूचना यांतले आठवड्याला एक काही आई-बाबांबरोबर बसून वाचावे. औषधाची चिठ्ठी वर्गात न्यायची असेल तर नाव-पत्ता झाकून झेरॉक्स काढावी. सुपर व्हिसावर आलेल्यांना 'लिंक'चा वर्ग मिळत नाही. त्यांच्यासाठी तर घरच्या टेबलावरचे हे वाचन हाच वर्ग.

आणखी एक विनंती. दवाखान्याची वेळ घेताना आई अडखळल्या, तर लगेच त्यांच्या हातातून फोन घेऊ नये. पलीकडची व्यक्ती थांबते. आपणही दोन मिनिटे थांबावे, आणि पुढच्या वेळचा फोनही त्यांनाच करू द्यावा.