बादलीभर पाण्याला एक स्टार

मालवणजवळच्या देवबाग-तारकर्लीतल्या घरगुती खोल्यांचे रिव्ह्यू वाचत गेलात, तर आपण शहरातले लोक दुसऱ्याच ओळीत ओळखू येतो. शॉवरला प्रेशर नाही. रात्री लाइट गेली. गरम पाणी बादलीतून आणून दिलं. खोलीत वाळू येते. समुद्रापासून पन्नास पावलांवर, दीड हजारांच्या खोलीत वाळू येते ही तक्रार! आणि खाली एक स्टार.

यावर हसून पुढे जाता येईल, पण जाऊ नये. हे रिव्ह्यू नुसती कुरकुर नसतात, ते किनारा बदलतात. ज्या गोष्टींमुळे तिथलं पाणी आणि घर टिकतं, नेमके त्यांचेच स्टार आपण कापतो.

आधी पाण्याचं बघू. देवबाग म्हणजे कर्ली नदी आणि अरबी समुद्र यांच्यामधली वाळूची चिंचोळी पट्टी. नकाशावर ते बेट नाही, पण तिन्ही बाजूंना पाणी आहे आणि ते पिण्याचं नाही. अशा जागी गोडं पाणी येतं फक्त पावसातून. ते वाळूत मुरतं आणि हलकं असल्यामुळे खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं. भूजलशास्त्राचा ढोबळ नियम सांगतो की गोडं पाणी समुद्रपातळीच्या १ मीटर वर असेल, तर खाली साधारण ४० मीटर गोडं पाणी असतं. आता हाच नियम उलटा वाचा. वरची पातळी १ मीटरने उतरली, की खालून खारं पाणी ४० मीटरने वर सरकायला लागतं. चिंचोळ्या पट्टीत वरची ही उंची मुळातच थोडी. म्हणजे जास्तीचा पंप लावून आपण नुसतं पाणी उपसत नाही, समुद्राला आत बोलावतो. आणि एकदा खारट झालेली विहीर एका पावसाळ्यात गोडी होईलच असं नाही.

आपण जातो कधी? मे महिन्यात, विहिरी तळाला गेलेल्या असताना. जलजीवन मिशनचं ग्रामीण भागासाठीचं उद्दिष्ट आहे माणशी रोज ५५ लिटर. शहरांसाठीचं प्रमाण १३५ लिटर. आपण बॅगेत स्विमसूट नेतो, त्यासोबत ही १३५ लिटरची सवयही नेतो. वर ज्यांच्या सोसायटीत एप्रिलपासून टँकरवरून व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर भांडणं चालतात, तेच लोक देवबागच्या काकूंनी बादली पुढे केली की नाराज होतात.

समोरच कुरटे बेटावर सिंधुदुर्ग उभा आहे. १६६४ मध्ये त्याचं बांधकाम सुरू झालं. चहूकडे खारं पाणी, आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. आपण तिथे जातो, विहिरीत डोकावतो, ‘वाह’ म्हणतो, फोटो काढतो. समुद्रात राहायचं तर पाणी जपून राहायचं, हा त्या विहिरींचा साधा अर्थ मात्र खोलीवर परतेपर्यंत विसरतो.

रेटिंगचा आकडा कसा काम करतो हे माझ्या धंद्यातल्या कुणालाही विचारा. वाईट वागणूक, घाणेरडी चादर, वीज जाणं आणि बादलीतलं पाणी, सगळं एकाच सरासरीत कालवलं जातं. मग आपण ‘४ आणि वर’ असा फिल्टर लावतो आणि ते घर यादीतून गायब होतं. घरमालकापुढे दोन रस्ते उरतात. कर्ज काढून बोअर, एसी, मोठी टाकी बसवायची, नाहीतर जागा भाड्याने देऊन मोकळं व्हायचं. सीआरझेडच्या नियमांत स्थानिकांना होमस्टेची मुभा आहे ती राहत्या घराचं जोतं आणि दर्शनी रूप न बदलता. कल्पना अशी, की पाहुणा घरात येईल. आपले रिव्ह्यू सांगतात, घर पाडा आणि हॉटेल बांधा. मग ज्या वाळूत विहीर, त्याच वाळूत वीस खोल्यांचा शोषखड्डा.

‘पैसे मोजतो, मग बोलायचंही नाही का?’ बोला की! स्वच्छ चादर, स्वच्छ संडास, ठरलेला दर, बायकांना सुरक्षित वाटेल अशी जागा, यात तडजोड नको. यजमान साधाभोळा कोकणी माणूस आहे म्हणून त्याला सगळं माफ, हेही ढोंगच. पण जिथे आवाज चढवायला हवा, तिथे आपण गप्प असतो. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कूबा डायव्हिंगहून परतणारी बोट उलटली आणि दोन पर्यटक गेले. तरीही बोटीवर चढताना लाइफ जॅकेट किती आणि माणसं किती, हे आपल्यातले किती जण मोजतात? तिथे आपण ‘पॅकेजमध्ये अजून काय देता’ एवढंच विचारतो, व्हिडिओ छान आला की पाच स्टार देतो. जिवाशी खेळ होऊ शकतो तिथे पाच, आणि टीव्ही नाही तिथे दोन.

म्हणून मागणी एवढीच. बुकिंगच्या फोनवर ‘सी-व्ह्यू आहे का’ याच्या आधी पाणी कुठून येतं आणि सांडपाणी कुठे जातं, हे विचारा. पंधराशेचे बाराशे करून घेतले, हा ऑफिसमध्ये सांगायचा पराक्रम नव्हे. ते तीनशे बहुतेकदा पहाटे उठून घावणे घालणाऱ्या बाईच्या कष्टातून जातात. जून-जुलैत यांत्रिकी मासेमारी बंद असताना ताज्या सुरमईचा हट्ट धरू नका. आणि रिव्ह्यू लिहिताना जे मालकाच्या हातात आहे, त्याचेच मार्क कापा. वाळू, दमट हवा आणि विहिरीची पातळी त्याच्या हातात नाही.

एवढंही जमत नसेल तर पुण्यात भरपूर हॉटेलं आहेत. तिथे वाळू येत नाही.