प्रवाळाचे बियाणे उणे १९६ अंशांत

उन्हाळी सुट्टीत विश्रामबागेतून निघालेल्या गाड्या राधानगरीमार्गे फोंडाघाट उतरतात आणि मालवण-तारकर्लीला मुक्काम करतात. दुसऱ्या दिवशी सकाळी होडीतून सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात जायचे, तोंडात नळी धरून पाण्यात डोके घालायचे, की खाली तपकिरी-हिरवट गोळे आणि पसरट पानांसारखे थर दिसतात. 'हे कोरल,' असे सांगितले की अनेकांचा विरस होतो. पोवळे म्हणजे सराफाकडचे, मंगळाच्या अंगठीतले लालभडक, अशीच आपली समजूत. अंगठीतले पोवळे मुख्यतः भूमध्य समुद्रातल्या वेगळ्या जातीचे असते. मालवणचे प्रवाळ खडक बांधणारे आहे. असंख्य इवल्या प्राण्यांची ती वसाहत असते. त्यांच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहते आणि तेच त्यांना बहुतांश अन्न आणि रंग पुरवते.

पाणी नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा अंशभर जास्त तापले आणि काही आठवडे तसेच राहिले, तर ही भागीदारी तुटते. शैवाल बाहेर टाकले जाते, प्रवाळ पांढरे पडते आणि पाणी लवकर थंड झाले नाही तर उपाशी मरते. असे जगभर घडत असल्याची घोषणा शास्त्रज्ञांनी एप्रिल २०२४ मध्ये केली. ज्ञात इतिहासातली ही चौथी जागतिक घटना. त्याच उन्हाळ्यात लक्षद्वीपमध्ये प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडल्याचे केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने नोंदवले.

समुद्र थंड होईपर्यंत तग धरणे जमत नसेल, तर प्रवाळाचे बियाणे तरी जपून ठेवता येईल का, या प्रश्नावर गेली दोन दशके काम चालू आहे. त्याचे तंत्र सांगली जिल्ह्यातल्या कोणत्याही गोठ्याला अनोळखी नाही. गाय माजावर आली की डॉक्टर मोटारसायकलला अडकवलेल्या भांड्यातून वाफाळती कांडी काढतात. त्या भांड्यात उणे १९६ अंशांचा द्रवरूप नायट्रोजन असतो आणि कांडीत गोठवलेले रेत. मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये उरुळी कांचनला स्थापन केलेल्या 'बाएफ'ने हे तंत्र महाराष्ट्राच्या दारोदारी नेले. वळू मेला तरी त्याची वासरे जन्माला येत राहतात, यात आता कोणाला नवल वाटत नाही.

प्रवाळाच्या बाबतीत हेच करण्याचा मार्ग अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्थेच्या मेरी हॅगेडॉर्न यांनी दाखवला. अडचण बर्फाची असते. पेशीतले पाणी गोठताना टोकदार स्फटिक बनतात आणि पेशी आतून फाटते. म्हणून आधी 'डीएमएसओ'सारखे संरक्षक रसायन मिसळतात आणि ठरावीक वेगाने थंड करतात. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवरील प्रवाळाचे शुक्राणू २०११ मध्ये असे गोठवले गेले आणि डब्बो येथील टॅरोंगा प्राणिसंग्रहालयाच्या पेढीत ठेवले गेले. डब्बो हे सिडनीपासून सुमारे ४०० किलोमीटर आत, गुरामेंढरांच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेले गाव. म्हणजे प्रवाळाची पेढी किनाऱ्यावरच हवी असे नाही. नायट्रोजन वेळेवर भरणारी शिस्तीची माणसे असली की ती सांगलीतही चालेल.

तरीही गाय आणि प्रवाळ यांत एक मोठा फरक आहे. गाय साधारण दर तीन आठवड्यांनी माजावर येते. समुद्रात बीजांडे सोडणाऱ्या बहुतेक प्रवाळांना वर्षातून मोजक्याच रात्री मिळतात. बहुधा पौर्णिमेनंतरच्या काही दिवसांत, अंधार पडल्यावर, संपूर्ण वसाहत एकदम अंडी आणि शुक्राणू सोडते. शास्त्रज्ञांना त्या रात्री पाण्यात हजर राहावे लागते. शिवाय हाती येतात ते फक्त शुक्राणूच. प्रवाळाची अंडी मोठी आणि चरबीने भरलेली असतात, ती गोठवणे अजून साधलेले नाही. त्यामुळे पेढीतल्या शुक्राणूंना वापराच्या वेळी ताजी अंडी लागतात, आणि ती द्यायला समुद्रात जिवंत वसाहती हव्यात. शुक्राणूंची पेढी ही अर्धी पेढी आहे.

तरी ती अर्धी पेढी काय करू शकते, हे कॅरिबियन समुद्रात दिसले. तिथले 'एल्कहॉर्न' हे सांबराच्या शिंगांसारखे प्रवाळ झपाट्याने कमी झाले. उरलेल्या वसाहती एकमेकांपासून इतक्या दूर की त्यांचे बीज जुळणेच अवघड. २०१८ मध्ये क्युरासाव बेटावरच्या ताज्या अंड्यांवर फ्लोरिडा आणि पोर्तो रिको येथील गोठवलेले शुक्राणू सोडले गेले. शेकडो मैलांवरच्या मातापित्यांची ही पिल्ले फ्लोरिडात वाढवली गेली. पुढे २०२३ च्या उष्णतेच्या लाटेत फ्लोरिडा कीजमधले समुद्रातले जवळजवळ सगळे एल्कहॉर्न मेले. पाण्यात संपलेली वंशरेषा टाक्यांत आणि नायट्रोजनमध्ये शिल्लक राहणे म्हणजे काय, ते यावरून कळावे.

बियाण्याचा एवढा आग्रह कशासाठी, असे कोणी विचारेल. प्रवाळाचा तुकडा तोडून दुसरीकडे बसवला तर तो वाढतो. सिंधुदुर्ग किनाऱ्यावर असे रोपण झाले आहे, आणि मुंबईच्या सागरी किनारा मार्गासाठी २०२० मध्ये हाजी अली व वरळीच्या १८ वसाहती उचलून हलवल्या गेल्या. याचे उत्तर ऊस लावणाऱ्याला चटकन पटेल. बेण्याच्या कांडीतून उगवलेला को ८६०३२ चा सगळा फड म्हणजे एकाच झाडाच्या प्रती. एखादा रोग एका बुंध्याला झेपला नाही तर शेजारच्यालाही झेपत नाही. तुकड्यांनी वाढवलेल्या प्रवाळाचेही तसेच आहे. उष्णता सोसणारा एखादा नवा जीव त्यात निपजण्यासाठी बीजांडांचे मीलन लागते आणि त्यासाठी वेगवेगळ्या मातापित्यांचा साठा. दर उन्हाळ्याला हा साठा थोडा आटतो आहे.

नव्या संशोधनाचा रोख शुक्राणूंच्या पुढे आहे. २०१८ मध्ये प्रवाळाच्या अळ्या गोठवून, त्यांच्यासोबत सोन्याचे अतिसूक्ष्म कण ठेवून, लेझरच्या झोताने क्षणार्धात उबवण्यात यश आले. सावकाश वितळले तर वाटेतच स्फटिक होतात म्हणून ही घाई. २०२३ मध्ये तर हवाईतल्या पोरायटीस प्रवाळाचा सेंटिमीटरभर जिवंत तुकडाच गोठवला गेला. तुकडा संरक्षक द्रावणासह धातूच्या पक्क्या बंद कुपीत भरला. आत जागाच बदलत नसल्याने बर्फाला फुगायला वाव मिळत नाही आणि द्रव काचेसारखा घट्ट होतो. उबवल्यावर पहिले २४ तास हा तुकडा न गोठवलेल्या तुकड्याइतकाच प्राणवायू घेत होता. चोवीस तास म्हणजे पूर्ण आयुष्य नव्हे. पण तुकडा गोठवता आला तर वर्षातल्या त्या चार रात्रींची वाट पाहावी लागणार नाही, कोणत्याही महिन्यात, साध्या साहित्यानिशी काम करता येईल. मोठ्या प्रयोगशाळा नसलेल्या किनाऱ्यांसाठी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच ठरेल, कारण पोरायटीस मालवणातही आहे.

मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ चे, जेमतेम २९ चौरस किलोमीटरचे. लक्षद्वीपच्या मानाने इथले प्रवाळ तुटपुंजे, गढूळ पाण्यात आणि पावसाळ्यातल्या गोड्या पाण्याच्या लोंढ्यात तगलेले. म्हणूनच त्याच्या वंशाला मोल आहे. पण त्याच्यासमोरचा धोका फक्त उष्णतेचा नाही. पर्यटक पाण्यात उतरतात तिथे प्रवाळाची मोडतोड होत असल्याचे गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवले. पाय टेकणे, हाताने धरणे, पाण्यात टाकलेला होडीचा नांगर, यांना थांबवायला नायट्रोजन लागत नाही; नांगराऐवजी होड्या बांधायला कायमचे बोये लागतात आणि उतरणाऱ्यांची संख्या ठरवावी लागते. हे न करता पेढीची चर्चा करणे म्हणजे गोठा मोकळा सोडून कांड्या मोजत बसण्यासारखे आहे.

पेढी हवीच, पण तिची पहिली पायरी वहीपेन्सिलीची आहे. कोणती जात कोणत्या महिन्यात, पौर्णिमेनंतर कितव्या रात्री बीजांडे सोडते याचे वेळापत्रक प्रत्येक किनाऱ्याचे वेगळे असते आणि ते तिथेच पाण्यात उतरून लिहावे लागते. खडक बांधणारे प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्याच रांगेत. नखाएवढा तुकडा घ्यायचा तरी परवानगी लागते. तेव्हा वन विभाग, संशोधन संस्था आणि रात्री होडी काढायला तयार असलेले मालवणचे मच्छीमार यांना एकत्र यावे लागेल, आणि नोंदी किमान दोन-तीन हंगाम चालवाव्या लागतील.